जळलेली गुंडाळी

शास्त्रभाग : यिर्मया, अध्याय ३६



ह्या अध्यायांतील गोष्ट तुमच्यापैकीं पुष्कळांनीं वाचली किंवा उपासनेंत ऐकली असेल. यिर्मया संदेष्टा बोलत गेला आणि त्याचा लेखक बारूख शाईनें लिहीत गेला. लोकांचीं पातकें व त्यांवर येणारा देवाचा न्याय त्या गुंडाळींत लिहिलेला होता. हिंवाळ्याचे दिवस होते, आणि यहोयाकीम राजा शेगडीपुढें शेकत बसला होता. गुंडाळीचा थोडा भाग वाचून झाला कीं राजा तो लेखकाच्या चाकूनें कापी व शेगडींत टाकी. असें करितां करितां सारी गुंडाळी जळून गेली. तिघां दरबाऱ्यांनीं राजाची विनवणी केली; त्यानें ऐकिलें नाहीं. तो भ्याला नाहीं, आणि त्यानें आपलीं वस्त्रेंही फाडलीं नाहींत. उलट त्या दोघांस धरावयास त्यानें माणसें पाठविलीं. परंतु देवानें त्यांस लपविलें. मग बारूखानें दुसरी गुंडाळी घेतली, यिर्मयानें पुन्हां सांगितलें, आणि पहिलींत जें होतें तें सारें दुसरींत आलें. इतकेंच नव्हे, तर पुष्कळ अधिक आलें.

ही गोष्ट अडीच हजार वर्षांहून जुनी आहे. परंतु साक्षीचे कागद जाळणारे राजे त्यानंतरही झाले. आज मी तुम्हांस अशाच एका राजाची व अशाच एका दुसऱ्या गुंडाळीची हकीकत सांगणार आहे. ती आफ्रिका खंडांतील कांगो देशाची आहे. दूरची म्हणून ती टाकून देऊं नका. तींत मोठीं माणसें थोडीं व साधीं माणसें पुष्कळ आहेत : खेड्यांत राहणारे उपदेशक, मुलगी गमावलेला एक बाप, अक्षरओळख नसलेला एका गांवचा मुख्य. त्यांनीं जें केलें तें करण्याचा प्रसंग आपल्यापैकीं कोणावर केव्हां येईल हें कोणास सांगतां येत नाहीं.

१८८५ सालीं बर्लिन शहरांतील परिषद संपली, त्या सुमारास कांगो नदीच्या कांठचा विस्तीर्ण मुलूख बेल्जमचा राजा दुसरा लिओपोल्ड ह्याच्या हातीं आला. तो बेल्जम देशाच्या सत्तेखालीं गेला नाहीं. एकट्या राजाची ती खासगी दौलत झाली. गुलामांचा व्यापार बंद पाडावा व तेथील लोकांचें कल्याण करावें, एवढाच आपला हेतु आहे, असें राजानें जगास सांगितलें. पुष्कळ भल्या माणसांनीं त्यावर विश्वास ठेविला, मिशनऱ्यांनींही ठेविला. राजा स्वतः मात्र आपल्या आयुष्यांत एकदांही कांगोंत गेला नाहीं.

१८८८ सालीं डनलप ह्यानें हवा भरलेली रबरी धांव काढली, आणि मग सायकलींस व पुढें मोटारींस जगांत रबर अतोनात लागूं लागलें. कांगोच्या रानांत रबराच्या वेली आपोआप उगवत. राजानें तीं रानें सरकारचीं ठरविलीं, कांहीं मुलूख कंपन्यांस तोडून दिला, आणि गांवोगांव रबराचा वसूल बसविला. पुरुषांनीं दिवसचे दिवस रानांत फिरून चीक गोळा करावा, आणि वसूल पुरा होईपर्यंत त्यांच्या बायकांस ओलीस म्हणून कोंडून ठेवावें, अशी रीत पडली. कित्येक बाया तेथेंच भुकेनें मेल्या. ज्या गांवानें नकार दिला त्यावर फौज जाई. शिपायानें काडतूस फुकट घालविलें नाहीं ह्याचा पुरावा म्हणून त्यानें मारलेल्या माणसाचा हात कापून आणावा, असें ठरलें. आणि एखादें काडतूस शिकारींत खर्च झालें, तर तो हिशेब भरून काढण्यासाठीं जिवंत माणसांचेही हात कापले गेले.

बंधूंनो, येथें थोडें थांबून विचार करा. दारू पिऊन कोणीं कोणास मारिलें, अशी ही गोष्ट नाहीं. ह्या जुलमास कचेरी होती, पगार होता, वह्या होत्या, वसुलाचे आंकडे होते. जो जुलूम एक मनुष्य रागानें करितो तो राग ओसरला म्हणजे थांबतो. जो जुलूम हिशेबानें चालतो तो थांबत नाहीं. कारण तो करणाऱ्या प्रत्येकास वाटतें कीं, आपण केवळ आपलें काम करीत आहों. अशा व्यवस्थेपुढें एकट्या दुबळ्या मनुष्यानें काय करावें? ज्या कांहीं थोड्या लोकांनीं उत्तर शोधिलें, त्यांचें उत्तर एकच होतें : नीट पाहावें, मोजावें, लिहून ठेवावें, आणि सांगावें.

विल्यम शेपर्ड हा अमेरिकेंतील आफ्रिकी वंशाचा प्रेस्बिटेरियन उपदेशक १८९० सालीं कांगोंत आला. १८९९ सालीं कसाई नदीच्या प्रदेशांत झाप्पो झाप नांवाच्या, राज्याशीं सलोखा असलेल्या टोळीनें गांवें लुटलीं व जाळलीं. खरें काय झालें तें पाहून ये, असें मिशननें शेपर्ड ह्यास सांगितलें. जाणें जिवावरचें होतें. तरी तो त्या टोळीच्या तळावर गेला. तेथें विस्तवावर धुरी देऊन वाळत ठेविलेले उजवे हात त्यानें पाहिले. दुसरा कोणी तोंड फिरवून परत आला असता. शेपर्डनें ते हात मोजिले. ८१ भरले. तो आंकडा त्यानें लिहून ठेविला.

मोजावयाचें कशाला, असें कोणी विचारील. कारण असें आहे. “पुष्कळ हात होते,” असें म्हटलें, तर ऐकणारा म्हणतो, हा भ्याला असेल, वाढवून सांगत असेल. “८१ होते,” असें म्हटलें, तर त्यास उत्तर द्यावें लागतें. शिवाय मोजणें ही मेलेल्यांविषयींची एक आदरबुद्धि आहे. शंभर मेंढरांपैकीं एक हरवलें हें ज्या मेंढपाळास कळलें, तो रोज मोजीत होता म्हणूनच त्यास कळलें.

शेपर्ड ह्यास ह्याबद्दल पुढें किंमत द्यावी लागली. १९०८ सालीं त्यानें मिशनच्या एका लहानशा पत्रांत कसाई प्रांतांतील लोकांच्या हालांविषयीं लिहिलें, तेव्हां रबराच्या कंपनीनें त्याजवर अब्रुनुकसानीची फिर्याद केली. त्याचा वकील बेल्जममधील समाजवादी पुढारी एमिल व्हँडरव्हेल्डे हा होता. तो शेपर्डच्या धर्ममंडळीचा नव्हता, देशाचा नव्हता, वंशाचा नव्हता; तरी त्यानें हें काम फी न घेतां चालविलें. १९०९ सालीं शेपर्ड निर्दोष सुटला. शोमरोनी मनुष्याची गोष्ट आपण इतक्या वेळां ऐकतों. परंतु तो शोमरोनी कधीं कधीं वकिलाच्या डगल्यांत येतो हें आपल्या लक्षांत येत नाहीं.

आतां दुसऱ्या मुलखांत चला. बारिंगा नांवाच्या ठिकाणीं जॉन हॅरिस व आलिस हॅरिस हें मिशनरी जोडपें राहत असे. १९०४ सालच्या मे महिन्यांत वाला गांवचा न्साला नांवाचा मनुष्य पानांत गुंडाळलेलें एक लहानसें गांठोडें घेऊन तेथें आला. रबराच्या कंपनीच्या पहारेकऱ्यांनीं त्याच्या गांवावर धाड घातली होती. गांठोडें सोडिलें तेव्हां त्यांत त्याच्या बोआली नांवाच्या सुमारें पांच वर्षांच्या मुलीचा एक हात व एक पाय होता. तेवढेंच त्याच्या हातीं लागलें होतें. आलिसबाईंनीं त्यास ओट्यावर बसविलें, त्याच्या पुढें तें ठेविलें, आणि फोटो घेतला.

तो फोटो आजही पाहावयास मिळतो. बाप बसला आहे. ओरडत नाहीं, छाती पिटीत नाहीं. केवळ पुढ्यांतील त्या दोन लहान वस्तूंकडे पाहत आहे. पुढें हॅरिस पतिपत्नींनीं इंग्लंडांत व अमेरिकेंत गांवोगांव फिरून मॅजिक लँटर्नवर असलीं चित्रें दाखविलीं. राजाच्या पैशावर लिहिलेले लेख वर्तमानपत्रांत येत होते कीं, मिशनरी खोटें बोलतात, अफवा पसरवितात. परंतु पडद्यावर तो बाप बसलेला पाहिला म्हणजे त्या लेखांस कोणी विचारीना. ह्या ठिकाणीं एक गोष्ट आपण विसरूं नये. फोटो बाईंनीं घेतला खरा, पण साक्ष न्सालाची होती. तो गांठोडें घेऊन चालत आला नसता, तर कॅमेऱ्यानें काय दाखविलें असतें? आपलें दुःख घेऊन कोणाच्या तरी दारीं जावें, तेथें कोणी तरी ऐकेल, एवढा भरंवसा त्याच्या ठिकाणीं उरला होता. हा भरंवसा फार नाजूक असतो. आपलें दार असें असावें कीं तो त्यावर येऊन मोडूं नये.

त्याच्या आदल्या वर्षीं, १९०३ सालीं, ब्रिटिश वकील रॉजर केसमेंट ह्यानें अमेरिकन बाप्टिस्ट मिशनची आगबोट भाड्यानें घेऊन नदीच्या वरच्या भागांत प्रवास केला. राज्याच्या बोटीनें गेलों तर राज्य दाखवील तेंच दिसेल, हें त्यानें ओळखिलें होतें. १९०४ सालीं त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. मग लिओपोल्ड राजास स्वतःच चौकशी-मंडळ नेमणें भाग पडलें. बेल्जम, इटली व स्वित्झर्लंड येथील तीन न्यायाधीश १९०४ सालच्या अखेरीस कांगोंत आले, आणि गांवचे लोक त्यांच्यापुढें येऊन बोलूं लागले.

त्यांत लोन्तुलु नांवाचा एका गांवचा मुख्य होता. त्यास फटके बसले होते, त्यास ओलीस धरिलें होतें, सांखळ्या घालून कामास लाविलें होतें. त्यास लिहितां येत नव्हतें. त्यानें काड्यांचे जुडगे आणिले. ते सोडून त्यानें न्यायाधीशांच्या मेजावर ११० काड्या मांडिल्या. रबरापायीं मारल्या गेलेल्या त्याच्या गांवच्या प्रत्येक माणसाची एक काडी. त्यानें चार ढीग केले : प्रतिष्ठित लोक, पुरुष, स्त्रिया, मुलें. आणि एक एक काडी उचलून त्यानें मेलेल्या माणसाचें नांव सांगितलें.

माझ्या बंधूंनो, मला लिहितां येत नाहीं, मी अडाणी आहें, माझी साक्ष कोण घेतो, असें आपल्या मंडळींत कितीदां तरी ऐकूं येतें. लोन्तुलुकडे पाहा. त्याची पाटी काड्यांची होती, शाई आठवणीची होती. परंतु ज्या वहींत राजाच्या नोकरांनीं केवळ रबराची वजनें लिहिलीं होतीं, तिच्यापुढें त्यानें माणसांचीं नांवें मांडिलीं. तेथें दोन हिशेब समोरासमोर आले. देवापाशीं ह्यांपैकीं कोणता ठेविला जातो हें मीं तुम्हांस सांगावयास नको.

१९०५ सालीं चौकशी-मंडळाचा अहवाल बाहेर आला. जुलूम खरा आहे, असें राजाच्याच न्यायाधीशांनीं त्यांत कबूल केलें. परंतु साक्षीदारांच्या जबान्या राज्यानें प्रसिद्ध होऊं दिल्या नाहींत. त्या कपाटांत गेल्या आणि कित्येक दशकें तेथेंच राहिल्या. १९०८ सालीं बेल्जम देशानें कांगो राजापासून आपल्याकडे घेतला. ताबा देण्यापूर्वीं राजानें काय केलें? त्यानें कांगो राज्याचे दप्तरांतील कागद जाळविले. ब्रसेल्स शहरांत तें जाळणें आठ दिवस चाललें होतें, असें इतिहासांत नमूद आहे. यहोयाकीमास एक शेगडी पुरली. ह्या राजास आठ दिवस लागले.

तरी पण काय जळलें आणि काय उरलें? राजाचे कागद जळले. लोन्तुलुचीं नांवें उरलीं. शेपर्डचा आंकडा उरला. बारिंगाच्या ओट्यावरील चित्र उरलें. कपाटांत कोंडलेल्या जबान्याही शेवटीं अभ्यासकांस वाचावयास मिळाल्या. दुसरी गुंडाळी पहिलीहून मोठी झाली. कांगोचें सारें दुःख १९०८ सालीं संपलें, असें मी म्हणत नाहीं. वेठ पुढेंही पुष्कळ वर्षें चालली. परंतु “असें कांहीं झालेंच नाहीं,” हें म्हणण्याची सोय राजास राहिली नाहीं. गरिबाचें दुःख नाकारलें जाणें हा त्याजवर दुसरा जुलूम असतो. त्या दुसऱ्या जुलमापासून तरी ह्या साक्षीदारांनीं त्यास सोडविलें.

आतां ह्या हकीकतींतून आपण कोणता बोध घ्यावा?

पहिला बोध : साक्ष खरी असावी, आणि जितकें ठाऊक आहे तितकीच असावी. केसमेंट ह्यानें एपोन्डो नांवाच्या एका मुलाची हकीकत लिहिली होती. पहारेकऱ्यानें त्याचा हात कापला, असें त्यास सांगण्यांत आलें होतें. पुढें राज्याच्या अधिकाऱ्यांपुढें त्याच मुलानें सांगितलें कीं, आपला हात रानडुकराच्या चाव्यामुळें गेला. झालें! राज्यानें ह्या एका प्रकरणाचा झेंडा करून सारा अहवाल खोटा ठरविण्याचा प्रयत्न केला. शेंकडों साक्षी खऱ्या असून एक संशयास्पद निघाली, म्हणजे जुलूम करणारा त्या एकीच्या आड लपतो. ह्यासाठीं दयेपोटीं देखील वाढवून सांगूं नये. दहा घरें जळलीं असतील तर बारा म्हणूं नये. डोळ्यांनीं पाहिलेलें एकीकडे व ऐकलेलें दुसरीकडे लिहावें. खोट्या साक्षीची आज्ञा केवळ शेजाऱ्याच्या विरुद्ध बोलण्यास लागू नाहीं. शेजाऱ्याच्या बाजूनें बोलतांनाही ती लागू आहे.

एडमंड मॉरेल नांवाच्या एका जहाजकंपनीच्या कारकुनानें तर कांगोंत न जातां केवळ वह्या पाहून सत्य ओळखिलें. अँटवर्प बंदरांत जहाजें येत तीं रबर व हस्तिदंत ह्यांनीं भरलेलीं. परत जात तीं बहुतेक बंदुका व दारूगोळा घेऊन. जेथून इतका माल येतो तेथें मोबदला म्हणून कांहींच जात नाहीं, ह्याचा अर्थ तेथें व्यापार नाहीं, गुलामगिरी आहे, हें त्यानें ताडलें. त्यानें नोकरी सोडिली व जन्माचा मोठा भाग ह्या कामीं घातला. कारकुनाची वही सुद्धां देवाच्या हातीं साक्ष होऊं शकते.

दुसरा बोध आपल्यासारख्या उपदेशकांसाठीं आहे, आणि तो कडू आहे. कांगोंतील सर्व मिशनरी बोलले नाहींत. कित्येक वर्षें पुष्कळ जण गप्प राहिले. जमीन राज्य देई, परवाना राज्य देई. तोंड उघडलें तर ठाणें जाईल, शाळा बंद पडेल, सुवार्तेचें काम खोळंबेल, अशी त्यांस भीति होती. १८९६ सालीं राजानें तेथील लोकांच्या रक्षणासाठीं म्हणून मिशनऱ्यांचें एक मंडळ नेमिलें. परंतु त्याचे सभासद एकमेकांपासून फार दूर राहणारे, त्यांस अधिकार कांहीं नाहीं, आणि जेथें जुलूम अधिक तेथें त्यांच्यापैकीं कोणी नाहीं. चांगल्या माणसांची नांवें कागदावर घेऊन राजानें जगाचें समाधान केलें. वाईट मनुष्यापेक्षां चांगल्या मनुष्याचें मौन जुलमी सत्तेस अधिक उपयोगी पडतें. मोठ्या पाटलाचा राग होईल, देणगी बंद होईल, मंडळीवर संकट येईल, असें म्हणून जेव्हां आपण दुसरीकडे पाहतों, तेव्हां यरीहोच्या वाटेवरील याजक व लेवी ह्यांचीच वाट आपण चालत असतों. तेही बहुधा महत्त्वाच्या धर्मकार्यासच निघाले होते.

तिसरा बोध : कागदाच्या आधीं मनुष्य. शोमरोन्यानें प्रथम जखमा बांधिल्या, आपल्या जनावरावर बसविलें, खानावळींत पोंहोंचविलें, आणि पुढील खर्चाची हमी घेतली. ज्याच्या अंगावरून रक्त वाहत आहे त्याजजवळ प्रथम वही घेऊन जाऊं नये. ह्याचेंही उदाहरण त्याच कांगो देशांत आहे, आणि तें आपल्या काळचें आहे.

बेल्जमच्या सत्तेंतून कांगो १९६० सालीं स्वतंत्र झाला. पुढें १९९६ व १९९८ सालीं त्याच्या पूर्व भागांत मोठीं युद्धें पेटलीं. तेथील जमिनींत सोनें व कोल्टन सांपडतें, आणि आपण खिशांत बाळगतों त्या फोनच्या भागांत तें कोल्टन लागतें. रबराच्या जागीं दुसरी वस्तु आली. रबराप्रमाणेंच तिच्यासाठींही बंदूकवाल्या टोळ्या गांवांवर तुटून पडल्या, आणि स्त्रियांवर बलात्कार करणें हें त्यांनीं शस्त्र केलें. डेनिस मुक्वेगे ह्या डॉक्टराचा बाप बुकावू शहरांत पेंटेकॉस्टल मंडळीचा पाळक होता. लहानपणीं बापाबरोबर आजाऱ्यांच्या घरीं जातां जातां, बाप प्रार्थना करितो तर आपण औषध द्यावें, असें त्या मुलाच्या मनांत आलें. तो डॉक्टर झाला. १९९६ सालीं लेमेरा येथील त्याच्या इस्पितळावर हल्ला होऊन आजारी माणसें खाटांवरच मारलीं गेलीं. तरी त्यानें काम सोडिलें नाहीं. १९९९ सालीं बुकावूस पान्झी येथें मंडळीच्या आश्रयानें नवें इस्पितळ उघडलें. तें बाळंतिणींसाठीं असावें, असें त्यानें योजिलें होतें. पण पहिलीच स्त्री आली ती बलात्कार करून गोळ्या झाडलेली. तेव्हांपासून अशा हजारों स्त्रियांवर तेथें उपचार झाले. शरीराच्या जखमेस शस्त्रक्रिया, मनाच्या जखमेस धीर देणारीं माणसें, कोर्टांत जावयाचें असल्यास वकिलाची मदत, आणि पोटासाठीं हातांस कांहीं काम, अशा चारी बाजूंनीं तेथें आधार दिला जातो.

२०१२ सालच्या ऑक्टोबरांत त्याच्या घरीं मारेकरी आले. त्याचा सोबती मारला गेला, तो स्वतः वांचला व देश सोडून गेला. तेव्हां त्या गरीब स्त्रियांनीं काय करावें? त्यांनीं अननस व कांदे विकून त्याच्या परतीच्या तिकिटासाठीं पैसे जमविले. २०१३ सालच्या जानेवारींत तो परत आला. विधवेच्या दोन टोल्यांची गोष्ट तुम्हांस ठाऊक आहे. आपण ज्यांस “पीडित” म्हणून केवळ घेणारे समजतों, त्यांनींच येथें सेवकास हात दिला.

२०१८ सालीं ह्या डॉक्टरास, नादिया मुराद ह्या यझिदी स्त्रीबरोबर, शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें. तें स्वीकारतांना त्यानें जगास एका अहवालाची आठवण दिली. १९९३ ते २००३ ह्या काळांत कांगोंत झालेल्या ६१७ गंभीर घटनांची नोंद करून संयुक्त राष्ट्रसंघानें तो २०१० सालीं प्रसिद्ध केला होता, आणि तो खणांत धूळ खात पडला आहे, अशी त्याची तक्रार होती. गुंडाळी जाळण्याचा हा नवा प्रकार आहे. शेगडी लागत नाहीं, खण पुरतो. म्हणून लिहिणाऱ्याचें काम लिहिण्यापाशीं संपत नाहीं. लिहिलेलें वाचून दाखवावें लागतें, पुन्हां पुन्हां वाचून दाखवावें लागतें.

आतां आपल्या दारापाशीं येऊं. मारहाण झालेला, घर जळालेला, अब्रू लुटलेली कोणी मंडळीच्या दारीं आली किंवा आला, मग ती व्यक्ति आपल्या मंडळींतील असो वा नसो, तर उपदेशकानें काय करावें? प्रथम पाणी द्यावें, बसवावें, सुरक्षित ठिकाणीं ठेवावें, डॉक्टराकडे न्यावें. बलात्कार झालेल्या स्त्रीस सरकारी व खासगी सर्व इस्पितळांनीं विनामूल्य उपचार द्यावे, असा आपल्या देशाचा कायदा आहे. बोलावयास जबरदस्ती करूं नये. एकच दुःख दहा जणांपुढें दहादां सांगावयास लावूं नये. त्या व्यक्तीची संमति असेल तर दिवस, वेळ, जागा, नांवें व पाहणारे साक्षीदार लिहून घ्यावे, लिहिलेलें वाचून दाखवावें, आणि दोन प्रती दोन जागीं ठेवाव्या. तिचें नांव चावडीवर किंवा प्रार्थनासभेंतही उच्चारूं नये; कारण देवानें बारूखास लपविलें तें लज्जेसाठीं नव्हे, जिवाच्या रक्षणासाठीं. मग पोलिसांत जावयाचें असेल तर बरोबर जावें. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणें, गुन्हा कोणत्याही हद्दींत घडला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद कोणत्याही ठाण्यांत देतां येते, आणि तिची नक्कल विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे. जातीच्या द्वेषानें अनुसूचित जातिजमातींवर होणाऱ्या अत्याचारांसाठीं १९८९ चा स्वतंत्र कायदा आहे. हें आपण जाणून असावें. नक्कल मागून घेणें हा उद्धटपणा नाहीं. ती आपली दुसरी गुंडाळी आहे.

कोणी म्हणेल, “ख्रिस्ती माणसानें क्षमा करावी; हें सारें लिहून ठेवणें म्हणजे अपराधांचा हिशेब मनांत धरणें नव्हे काय?” ह्या प्रश्नाचा मान राखून मी उत्तर देतों. क्षमा कशाची करावयाची हें सत्यावांचून कळत नाहीं. देवानें काइनाचा जीव राखिला, परंतु त्याआधीं त्यास त्याचा भाऊ कोठें आहे हें विचारिलें. जक्कयाच्या घरीं तारण आलें, त्या दिवशीं त्यानें लुबाडलेल्यांचा हिशेब काढिला व चौपट परत देण्याचें कबूल केलें. शिवाय क्षमा करण्याचा अधिकार ज्यास जखम झाली त्याचा आहे. ओट्यावर बसलेल्या बापाच्या वतीनें आपण स्वस्तांत क्षमा वाटूं नये. सूड घेणारा लिहून ठेवीत नाहीं, तो काठी उचलतो. जो लिहून ठेवितो तो न्यायाची वाट पाहतो, आणि वाट पाहणें हें विश्वासाचें काम आहे.

प्रिय जनहो, आपल्या प्रभूच्याही देहावर जखमा होत्या. उठल्यावर त्यानें त्या झांकिल्या नाहींत. संशय घेणाऱ्या शिष्यापुढें त्यानें हात पुढें केले. गौरवांत गेलेल्या देहानेंही आपली साक्ष पुसली नाहीं. मग आपण आपल्या शेजाऱ्याच्या जखमा कशा पुसून टाकाव्या? त्या पाहाव्या, बांधाव्या, आणि त्यांविषयीं खरें सांगावें.

लोन्तुलुच्या काड्या आतां कोठें आहेत कोणास ठाऊक. पण ११० नांवें एकदां मोठ्यानें उच्चारलीं गेलीं, आणि ज्यास डोक्याचे केसही मोजून ठाऊक आहेत त्यानें तीं ऐकिलीं. हे प्रभो, जे मारले गेले त्यांस विसरणारे आम्हांस होऊं देऊं नको. जे जखमी होऊन आमच्या दारीं येतील त्यांस आमच्या घरीं जागा असूं दे. आमच्या जिभेस खरें बोलण्याचें, आमच्या हातांस खरें लिहिण्याचें, आणि भीतीच्या वेळीं न पळण्याचें बळ दे. जे जुलूम करितात त्यांचींही अंतःकरणें पालट, यासाठीं कीं त्यांनीं गुंडाळी जाळण्याऐवजीं ती वाचावी. आमेन.